डोळे झाकून दहा वाट्या: जगभरची चॉकलेटं, आमच्या घरातले मार्क

आधी हा आवाज ऐका.

[बरणीचं झाकण फिरवल्याचा आवाज, काचेवर काहीतरी टपटप पडतं]

ओळखला? ज्यांनी ओळखला ते लहानपणी एखाद्या दुकानासमोर हातात एक रुपया घट्ट धरून उभे राहिलेले आहेत. प्लास्टिकच्या बरणीतनं दोन गोळ्या काढून काउंटरच्या काचेवर टाकल्या, त्याचा हा आवाज. मी ह्या आवाजात मोठा झालो, कारण ते काउंटर आमचं आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत बाबांचं छोटं किराणा दुकान आहे, 1991 पासून. मी बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये लागलो, पण अजूनही रविवारी सकाळी दोन तास गल्ल्यावर बसतो.

आजचा एपिसोड चॉकलेटांवर. पण आधीच सांगतो, आपल्याकडं चॉकलेट ह्या शब्दाला काही सीमा नाही. कोको असो नसो, कागदात गुंडाळलेलं आणि गोड असलं की ते चॉकलेट. संत्र्याची गोळी चॉकलेट, पानाच्या चवीची गोळी चॉकलेट, वाढदिवसाला वर्गात वाटतात ते तर चॉकलेटच. त्यामुळं मीही आज तसंच बोलणार. कुणी दुरुस्त करायला येऊ नका.

तर झालं असं. दिवाळीनंतर बाबा एक दिवस जेवताना म्हणाले, "बरण्या काढतो आता. अकरा बरण्या ठेवून जागा अडवलीय नुसती. तिथं शांपूच्या पुड्या लावतो."

मी गप्प बसलो. कारण ह्यात माझा हात आहे.

सांगतो कसा. पूर्वी आमच्या दुकानात गोळ्या दोन प्रकारे खपायच्या. एक म्हणजे पोरं घ्यायची. आणि दुसरं म्हणजे सुट्टे. सतरा रुपयांचं बिल, हातात वीसची नोट. तीन रुपये परत द्यायला नाहीत, मग दोन रुपये आणि एक गोळी, नाहीतर सरळ तीन गोळ्या. गिऱ्हाईक वैतागायचं, आणि त्याचं बरोबरच होतं. पैसे मागितले तर पैसे द्यावेत. पण सगळ्या पेठेत हेच चालायचं. चार आण्याचं नाणं तर 30 जून 2011 नंतर चलनातनंच गेलं, आठ आणे कायद्यानं असूनही कुणी घेईना, आणि एक रुपयाची गोळी हेच एक रुपयाचं नाणं झालं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी घरी आलो आणि पहिलं काम काय केलं, तर दुकानाला क्यूआर कोड चिकटवला. यूपीआय 2016 पासून होतं, पण बाबांना त्याचं वावडं. मीच बसून शिकवलं, आवाज करणारा डबा मागवला, आणि लई भारी वाटलं की बघा, मुलाच्या शिक्षणाचा उपयोग झाला. आता सतरा रुपयांचं बिल असलं की लोक सतराच पाठवतात. परत द्यायचा प्रश्नच नाही. गोळ्यांची जी पाकिटं महिन्याला बारा-तेरा फुटायची ती आता चारच्या वर जात नाहीत. हे आमच्या एका दुकानाचं गणित आहे, त्यावरनं देशाचं अनुमान काढू नका. पण आमच्या बरण्या रिकाम्या पाडल्या त्या मी.

म्हणून मी म्हटलं, "बाबा, काढायच्या तर काढू. पण आधी एकदा मार्क तरी देऊया."

योगायोगानं घरात जगभरचा माल जमला होता. आतेभाऊ फिनलंडमध्ये असतो, तो दिवाळीला आला होता. मावसबहीण दुबईहून आली होती. अमेरिकेतल्या ऑफिसमधला एक सहकारी पुण्याला आला, त्यानं पिशवीभर दिलं, त्यात मेक्सिकोचं पण होतं. टोकियोच्या टीमनं एक खोका पाठवला होता. आणि मी स्वतः मंगळुरूकडं फिरायला गेलो होतो, तिथनं एक बार आणलेला. त्यात आमच्या बरणीतले तीन गडी घातले. एकूण दहा.

पद्धत ऐका, कारण इंजिनियर माणूस पद्धतीशिवाय गोळीही खात नाही. आईला शुगर आहे, त्यामुळं ती खाणार नव्हती, म्हणून तिलाच परीक्षा नियंत्रक केलं. तिनं आत जाऊन सगळ्यांचे कागद काढले, तुकडे केले, दहा स्टीलच्या वाट्यांत घातले आणि खडूनं नंबर टाकले. परीक्षक तीन: मी, बाबा आणि माझी पुतणी, इयत्ता तिसरी. डोळ्यांवर टॉवेल. दोन चवींच्या मध्ये कोमट पाणी आणि साधे चुरमुरे, म्हणजे मागची चव पुसली जाते. प्रत्येकानं दहापैकी मार्क द्यायचे आणि कारण सांगायचं. कारणाशिवाय मार्क बाद.

चला, एकेक वाटी.

पहिली वाटी: अमेरिकेचं हर्शीज. पुतणी म्हणाली सात, मी पाच, बाबा तीन. बाबांचं कारण: "तूप खवट झाल्यावर येतो तसा वास हाय." मला हसू आलं, पण नंतर वाचलं तर माणूस अगदी नेमकं बोलला होता. हर्शीजला जी किंचित आंबट झाक असते तिचं कारण ब्युटिरिक ॲसिड असं सांगतात, ते दुधावरच्या प्रक्रियेत तयार होतं. आणि तूप-लोणी खवट होतं तेव्हाही हेच ॲसिड सुटतं. अमेरिकन माणसाला लहानपणापासून तीच चव चॉकलेटची वाटते, आणि ज्याच्या घरात लोणी कढवतात त्याला ती धोक्याची घंटा वाटते. जीभ तीच, पण संस्कार वेगळे.

दुसरी वाटी: जपानचं माचा किटकॅट, म्हणजे ग्रीन टीचं. मी सात, बाकी दोघं चार-चार. पुतणी म्हणाली, "काका, गवत." किटकॅट मूळचं इंग्लंडच्या यॉर्कमधलं, 1935 चं. पण जपानमध्ये त्याचं नाव "कित्तो कात्सु" ह्या शब्दांसारखं ऐकू येतं, म्हणजे "नक्की जिंकशील". म्हणून तिथं परीक्षेला जाणाऱ्या पोरांना किटकॅट देतात. आपली आई हातावर दही-साखर ठेवते ना, तसंच. हे ऐकल्यावर पुतणीनं एक मार्क वाढवायची तयारी दाखवली. नियंत्रकांनी परवानगी दिली नाही.

तिसरी वाटी: दुबईवालं. हे तुम्ही सगळ्यांनी रीलमध्ये बघितलंय. आत पिस्त्याचं सारण, ताहिनी म्हणजे तिळाची पेस्ट, आणि कुनाफाच्या तळलेल्या शेवया. दुबईतल्या फिक्स नावाच्या चॉकलेटवाल्यांनी हा प्रकार काढला आणि डिसेंबर 2023 मधल्या एका व्हिडिओनं तो जगभर पोचवला. आता सगळेच करतात. आमच्याकडं आलेलं त्या मूळ दुकानाचं नव्हतं, तिथल्या बाजारात मिळणारं त्याच धर्तीचं होतं. पुतणी नऊ, मी सात, बाबा पाच. बाबांचं म्हणणं, "शेवया चांगल्या हायत, पण चॉकलेट कुठाय?" खरं आहे. ते चॉकलेटपेक्षा मिठाईच्या जास्त जवळ आहे.

चौथी वाटी. आता जरा सावरून बसा. ही फिनलंडची साल्मियाक्की. काळी, मऊ, खारट. ज्येष्ठमधाच्या अर्काची गोळी आणि त्यात अमोनियम क्लोराइड. पुतणीनं थुंकली आणि शून्य दिला. मी दोन दिले, तेही आतेभावाचं मन राखायला. आणि बाबा? बाबा टॉवेलखाली शांत. मग हळूच म्हणाले, "अरे, हा नवसागर हाय."

मला वाटलं काहीतरीच बोलतायत. शोधलं, तर अमोनियम क्लोराइड म्हणजेच नवसागर! तोच, जो कल्हईवाले वापरतात. तापलेल्या पितळेच्या भांड्यावर कथिल आणि नवसागराची भुकटी टाकून कापडानं फिरवतात, भस्सकन पांढरा धूर येतो आणि भांडं चांदीसारखं होतं. बाबा लहान असताना गल्लीत कल्हईवाला यायचा. आजी त्यांच्या डोक्यावर पातेली देऊन पाठवायची आणि उरलेले पाच पैसे त्यांना ठेवून घ्यायची मुभा होती. त्या पाच पैशांच्या ते लिमलेटच्या गोळ्या घ्यायचे. नाकात नवसागर आणि तोंडात लिमलेट, असं हे समीकरण. ही गोष्ट मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली, आणि ती ऐकायला फिनलंडची गोळी यावी लागली. बाबांनी सात मार्क दिले. कारण लिहिलं: "ओळखीची निघाली."

पाचवी वाटी: मेक्सिकोचं पुल्पारिंदो. चिंचेचा गर, साखर, मीठ आणि मिरची. मी आठ, बाबा नऊ, पुतणी सात. टॉवेल काढायच्या आत तिघंही एकदम म्हणालो, "चिंचगोळी!" आता बघा गंमत. चिंच मूळची आफ्रिकेची, आपल्याकडं रुळली आणि मग स्पॅनिश लोकांच्या काळात मेक्सिकोला पोचली. मिरची तिकडची, ती पोर्तुगीज काळात आपल्याकडं आली. म्हणजे आपल्या तांबड्या रश्श्याचं आजोळ मेक्सिकोकडं आहे. आणि कोकोसुद्धा युरोपला गेला तो तिथनंच. तिथले अ‍ॅझ्टेक लोक कोकोच्या बिया नुसत्या प्यायला वापरत नव्हते, बाजारात पैसे म्हणून वापरायचे. बिया मोजून द्यायच्या, सामान घ्यायचं.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाले, "मग मी सुट्ट्याऐवजी चॉकलेट देत होतो त्यात काय चुकलं?" मी म्हटलं, बाबा, ते गिऱ्हाइकाकडनं परतही घ्यायचे. तुम्ही घेत होता का तीन गोळ्या देऊन काड्यापेटी? त्यावर आई स्वयंपाकघरातनं म्हणाली, "बरं सापडलं."

सहावी वाटी: कॅम्पकोचं मिल्क चॉकलेट. मी आणि पुतणी सात-सात, बाबा आठ. हे नाव आपल्याकडं फार ऐकू येत नाही. कॅम्पको ही कर्नाटक आणि केरळच्या सुपारी आणि कोको उत्पादकांची सहकारी संस्था, 1973 ची, मंगळुरूची. शेतकऱ्यांचा कोको संस्थेनं घ्यायला सुरुवात केली आणि 1986 मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. नारळ-सुपारीच्या बागेत, सावलीत कोकोची झाडं येतात. गोकुळचं दूध पिऊन वाढलेल्या माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दुधाचा संघ असतो तसा चॉकलेटचा संघ.

सातवी वाटी: फिनलंडचं फाझर, निळ्या कागदातलं, 1922 पासूनचं. मी नऊ, बाबा आठ, पुतणी दहा. सरासरी नऊ, दहा वाट्यांत पहिला नंबर. दुधाची चव सरळ कळते, साखर पुढं पुढं करत नाही, आणि जिभेवर ठेवलं की आपोआप विरघळतं. ह्यामागं साधं शास्त्र आहे. कोकोतनं जे तूप निघतं, कोको बटर, ते साधारण 34 अंशाला वितळतं, म्हणजे आपल्या तोंडाच्या तापमानाच्या जरा खाली. म्हणून ते चावावं लागत नाही. पण हाच गुण आपल्याकडं दोष ठरतो. कोल्हापुरात एप्रिलमध्ये पारा 38 च्या पुढं गेला की ते बरणीतच वितळणार. म्हणून स्वस्त मालात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल-तूप वापरतात. ते उन्हात टिकतं, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. पुढच्या वेळी पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, मग मार्क द्या.

आता राहिले आमचे तीन. आणि इथं आमच्या पद्धतीचा घोटाळा झाला. आईनं आठव्या वाटीत गोळी टाकली आणि बाबा टॉवेलखालनं म्हणाले, "किसमी." आवाजावरनं! नववीत टाकली, "मेलडी." दहावीत, "पान पसंद." चौतीस वर्षं हाच आवाज ऐकतायत. मी म्हटलं ही परीक्षा रद्द, तुमचा निकाल पक्षपाती. तर म्हणाले, "तू आईच्या हातची आमटी डोळे झाकून वळखणार नाहीस काय? मग ती चांगली नाही म्हणायचं?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

किसमी: मी आठ, पुतणी सहा, बाबा दहा. वेलचीची ती चव दुसऱ्या कुठल्याच देशाच्या वाटीत नव्हती. मेलडी: मी आणि बाबा सात-सात, पुतणी दहा. बाहेर कॅरॅमल, आत चॉकलेट, आणि आत पोचेपर्यंत धीर धरायचा. दोन्ही पार्ल्याच्या. 1929 ला मुंबईत विलेपार्ल्यात ही कंपनी सुरू झाली ती गोळ्यांनी, बिस्किटं नंतर आली. पार्ले म्हटलं की आपल्याला बिस्कीट आठवतं, पण थोरली बहीण गोळी आहे. किसमी, मेलडी आणि ते मेक्सिकोचं चिंचप्रकरण, तिघांचीही सरासरी आठ. दुसऱ्या नंबरावर तिघं.

आणि शेवटची, पान पसंद. मी आठ, बाबा सात, पुतणी तीन. सरासरी सहा. पण हिच्यावर जरा थांबतो.

पान पसंद रावळगावची. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातलं रावळगाव. तिथं 1933 ला वालचंद हिराचंद ह्यांनी साखर कारखाना काढला आणि पुढच्या दशकात तिथं गोळ्या सुरू झाल्या. सोलापुरात 1882 ला जन्मलेला हा माणूस. ज्यानं बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजांचा काढला, त्याच्याच साखरेच्या गोळ्या आपल्या आजोबांच्या खिशात होत्या. मी सांगलीला वालचंद कॉलेजात चार वर्षं काढली. रोज गेटवरचं नाव वाचून आत गेलो. पण ते नाव आणि आमच्या दुकानातली बरणी ह्यांचं नातं आहे, हे मला कॉलेज सोडल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये रावळगावनं आपले गोळ्यांचे ब्रँड आणि पाककृती रिलायन्सच्या कंपनीला विकल्या. किंमत 27 कोटी रुपये. कंपनीनं दिलेली कारणं साधी होती: कच्चा माल, वीज, मजुरी सगळं वाढलं, स्पर्धा वाढली, पण गोळीची किंमत वाढवता येईना. विचार करा, एक रुपयाच्या गोळीची किंमत वाढवायची तर किती करणार? सव्वा रुपया नाणंच नाही. थेट दोन. म्हणजे दुप्पट. नाण्यानं गोळीला बांधून ठेवलंय. बातमी आली त्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले होते, "27 कोटी? आठवणींचे पैसे धरले नसतील त्यात."

तर असा निकाल. मी सगळं एक्सेलमध्ये भरलं, सरासरी काढली, रंग दिले आणि बाबांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वरनं खाली बघितलं आणि म्हणाले, "ह्यात एक रकाना राहिला."

"कुठला?"

"एक रुपयात मिळतं का."

मी तो रकाना घातला. हो किंवा नाही. सात ओळींपुढं नाही आलं, फाझरपुढंही. तीन ओळींपुढं हो. आमच्या बरणीतल्या तिघी. बाबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "शाळा सुटल्यावर एक रुपया घेऊन पोरगं येतं, त्याच्याकडं मोबाईल नाही, क्यूआर नाही. बरण्या काढल्या तर ह्या अख्ख्या दुकानात त्याला घेण्यासारखं काय राहतं? शांपूची पुडी?"

मी काही बोललो नाही. इतके दिवस मी गोळ्यांकडं सुट्टे म्हणून बघत होतो, कमी झालेला खप म्हणून बघत होतो. त्या काउंटरला नाक टेकून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघितलंच नव्हतं. आणि तो तर मीच होतो एके काळी.

शेवट सिनेमासारखा नाही. अकरापैकी सहा बरण्या गेल्याच, तिथं शांपू लागले, आणि शांपू चांगले खपतात. पाच राहिल्या. पण त्या पाच आता वरच्या फळीवर नाहीत, खाली पुढं आणल्यात, तिसरीतल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीला. क्यूआर कोड जरा वर सरकवला. तो मीच काढून पुन्हा चिकटवला. नीट बसला नाही, थोडा वाकडा आहे.

तर मंडळी, तुमच्यासाठी गृहपाठ. ह्या रविवारी घरात पाच वाट्या घ्या. एक परदेशातनं आलेलं, एक महागडं, बाकी कोपऱ्यावरच्या दुकानातलं. डोळे झाका आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला परीक्षक करा. मार्क काय पडले ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पण मार्कांपेक्षा ते खाताना काय बोलले ते आधी सांगा. खरा माल तिथं आहे.

आणि दुकानात जाताना एक रुपयाचं नाणं घेऊन जा. स्कॅन करू नका. नाणं काचेवर ठेवा आणि आवाज ऐका.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या, आणि चॉकलेट खाल्ल्यावर चूळ भरा. हे आईनं सांगायला सांगितलंय.